उस्तादांनी फिरवलेलं स्टूल

मी एक जुनं, गोल बैठकीचं, लाकडी फिरतं स्टूल आहे, मित्रांनो. माझ्या पोटात एक जाड लोखंडी स्क्रू आहे. बैठक एका दिशेने फिरवली की मी उंच होतो, उलट फिरवली की बुटका. एका फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत, मोठ्या आरशासमोर माझी जागा आहे. लग्नाचे फोटो काढायला आलेली माणसं माझ्यावर बसूनच नटतात. कदाचित तुमच्यापैकी कुणाचे आईबाबाही बसले असतील. त्यांना मी आठवणार नाही, कारण फोटोत मी येत नाही. कपड्यांच्या घेराखाली झाकला जातो, नाहीतर पायानेच बाजूला सरकवला जातो. त्याचं मला काही वाटत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. थोडं वाटतं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुतार बोलायला फटकळ, पण हाताने मऊ होता. त्याने पायांना गोलाई दिली, बैठक हाताला लोण्यासारखी लागेपर्यंत घासली. पण स्क्रूच्या आट्यांत एका जागी बारीकशी कसर राहिली. बैठक फिरत त्या जागी आली की 'कुई' असा आवाज होतो. सुताराने दोनदा फिरवून पाहिलं आणि नाद सोडून दिला. मला वाटलं, आता हा मला जळणात टाकतो की काय. पण तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले सलूनवाले आले, त्यांनी तो आवाज ऐकला आणि ते म्हणाले, "हेच द्या. हेच हवं होतं."

या सलूनवाल्यांना सगळे उस्ताद म्हणत. लहान मुलांसाठी त्यांना उंच-बुटकं होणारं स्टूल हवं होतं. आणि माझा आवाज का हवा होता, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. केस कापताना मुलं वळवळ करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. उस्ताद मुलाला माझ्यावर बसवायचे, बैठक फिरवायचे आणि 'कुई' झालं की हळूच कानात सांगायचे, "ऐकलंस? खाली मांजर झोपलंय. हललास तर उठेल." भल्याभल्या दांडगोबांची त्या मांजरापुढे मान सरळ व्हायची. फक्त उस्तादांची स्वतःची लेक फसली नाही. तिने सरळ खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इथे कुणी नाही. आता मला पुढच्या बाजूने थोडेच कापा." अशी ऑर्डर सोडणाऱ्या त्या चिमुरडीला ते त्या दिवसापासून साहेब म्हणू लागले.

उस्ताद काम करताना कधी बसत नसत. गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहायचे, डाव्या हातात कंगवा, उजव्या हातात कात्री आणि नजर समोरच्या आरशात. कितीतरी नवरदेव त्यांच्या हाताखालून तयार होऊन गेले. घाबरलेला नवरदेव आत यायचा आणि खांदे सैल सोडून बाहेर पडायचा. तिथून तो रस्ता ओलांडून समोरच्या फोटो स्टुडिओत जाई.

पुढे सलूनमध्ये दांडा ओढला की वरखाली होणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग पडू लागला. कित्येक दिवस मला कुणी फिरवलंच नाही, आटे गंजायला लागले. एक दिवस समोरचे फोटोवाले टॉवेल बाजूला सारत म्हणाले, "उस्ताद, याची दुर्दशा करतोयस. मला दे." आणि मला काखोटीला मारून ते रस्ता ओलांडून घेऊन गेले.

या फोटोवाल्यांचं नाव गावभर हसाकाका. "हसा, हसा" एवढं म्हटल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर पडत नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतल्या खोलीत सगळ्यांची रंगरंगोटी करते. लग्नाआधी एकदा येऊन सराव करून जायचं, असा दोघांचा नियम आहे. तेच कपडे, तेच बूट घालून यायचं. कारण नवा बूट चावत असला तर तो पायाला चावतो, पण फोटोत चेहऱ्यावर उमटतो. काकूंच्या सूचना तर मलाही पाठ आहेत. "हनुवटी किंचित पुढे, जीभ टाळूला लाव, श्वास सोड. सोड गं बाई, तो काय साठवून ठेवायचाय?"

मित्रांनो, मला चेहरे दिसतात ते फक्त आरशातून. पण माणसाचं वजन मला नीट कळतं. पोट आत ओढून बसलेला नवरदेव मी लगेच ओळखतो. एक नवरी फोटोत बारीक दिसावं म्हणून उपाशी राहून आली होती, ती माझ्यावरूनच घेरी येऊन खाली घसरली. काकूंनी तिला आधी पोळी खायला घातली आणि मगच पावडर लावली. नटणं वरवरचं असतं असं म्हणतात. पण नटायला बसलेल्या माणसाची धाकधूक वरवरची नसते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आणि मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना उस्ताद तिथेच कोसळले. अर्धं अंग गेलं. उपचार झाले, हळूहळू पाय चालू लागला, वाचा परतली. पण उजव्या हातातून कात्री निसटू लागली आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला तो ओघळलाच. दुकान त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिलं. आयुष्यभर आरशात बघून जगलेल्या माणसाने घरातला आरसा उतरवून ठेवला. दाढीसुद्धा ते चाचपून करू लागले.

त्यातच साहेबांचं लग्न ठरलं. उस्तादांनी सांगून टाकलं, "सगळीकडे येईन, सगळं करीन. फक्त फोटोत मला घेऊ नका." लेकीने समजावलं, आईने समजावलं. ते काही बधेनात. शेवटी साहेब हसाकाकांकडे येऊन बसली, माझ्यावरच. "काका, सगळ्या फोटोत आई असेल आणि तिच्या शेजारी मोकळी जागा असेल. मी कशी हसू?"

"आण त्याला सरावाच्या दिवशी," हसाकाका म्हणाले. "आजवर मी हसवला नाही असा माणूस झाला नाही."

सरावाच्या दिवशी ती आईच्या मदतीने वडिलांना कपडे पारखायला म्हणून घेऊन आली. काकूंनी गोड बोलून त्यांना माझ्यावर बसवलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत उस्ताद माझ्यावर कधीच बसले नव्हते. त्यांचा सगळा भार डावीकडे होता आणि श्वास रोखलेला होता. त्यांनी आरशाकडे पाहिलं नाही, गुडघ्यांकडे पाहिलं. माझ्या लाकडाला कळत होतं की हे गृहस्थ कुठल्याही क्षणी उठणार.

सगळ्यांनी आपापल्या परीने प्रेमच केलं, पण ते चुकीच्या जागी. काकूंनी उजव्या गालावर गडद पावडर लावली. हसाकाकांनी उजवीकडचा दिवा विझवला. साहेबांच्या आईने मफलर वर ओढून तोंडाचा कोपरा झाकायचा प्रयत्न केला. "मान थोडी इकडे. अजून. अजून जरा," असं करत त्यांनी उस्तादांना जवळजवळ भिंतीकडे वळवलं. आणि सवयीने हसाकाकांच्या तोंडून निघून गेलं, "हसा, उस्ताद, हसा."

उस्तादांनी मनापासून प्रयत्न केला. डावी बाजू वर गेली, उजवी गेली नाही. उस्तादांनी हात पुढे करून कॅमेऱ्यातला फोटो बघायला मागितला, पाहिला आणि परत दिला.

"झालं समाधान? आता साहेबांचे एकटीचे काढ," असं म्हणून ते उठले.

"मग कुठलेच नकोत," साहेब म्हणाली. "फोटोशिवायही लग्न होतं."

"हट्ट करू नकोस. उद्या तुझी मुलंबाळं हे फोटो बघतील. त्यांनी मला असं बघायचं?"

"असं नाही बघितलं, तर बघणारच नाहीत, बाबा."

उस्तादांनी काठी घेतली आणि ते दाराकडे निघाले. मला फार वाईट वाटलं. मला पाय चार आहेत, पण एकही पुढे टाकता येत नाही.

तेवढ्यात दार उघडून नवरदेव आत आला. बिचारा धावतपळत आला होता. होणाऱ्या सासऱ्यांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून तो मुद्दाम केस कापून आला होता, आणि कापणाऱ्याने त्याची पुरती वाट लावली होती. एक कल्ला कानाच्या वर, दुसरा कानाच्या खाली. मागून डोकं पायऱ्यापायऱ्यांचं झालेलं. काकूंनी तोंडावर पदर धरला.

उस्ताद दारातच थांबले. एकदा या कल्ल्याकडे पाहिलं, एकदा त्या.

"हे कुणी केलं?"

"चौकातल्या नव्या दुकानात, बाबा. फोटोसाठी म्हणून मुद्दाम जरा भारीतलं..."

"लग्न कधी आहे माहीत आहे ना तुम्हाला?" उस्तादांनी काठी भिंतीला टेकवली. "बसा."

नवरदेव निमूटपणे माझ्यावर बसला. उस्ताद त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. आणि त्यांनी डाव्या हाताने माझी बैठक धरून फिरवली. मित्रांनो, तो हात मी विसरलो नव्हतो. एक वळसा, दुसरा वळसा, आणि मी सगळा जोर लावून म्हणालो, 'कुई'.

उस्तादांचा हात थांबला. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अरे, तू होय," असं ते पुटपुटले. इतका वेळ माझ्यावर बसूनही त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

काकूंनी कंगवा आणि कात्री दिली. कंगवा डाव्या हातात गेला आणि केस उचलू लागला, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. पण उजव्या हातात कात्री राहीना, दोनदा खाली पडली. साहेबांनी कात्री उचलली आणि ती वडिलांच्या उजवीकडे उभी राहिली.

"मी धरतो तेवढेच कापायचे," उस्ताद म्हणाले. "तिरकी धरू नकोस. हां. आता काप."

केस पडू लागले. डावा हात वडिलांचा, उजवा लेकीचा. नवरदेवाला गुदगुल्या झाल्या आणि तो चुळबुळला.

"हलू नका हं," साहेब गंभीरपणे म्हणाली. "खाली मांजर झोपलंय."

तो खरोखरच खाली वाकून बघायला लागला. चांगला नोकरीधंद्याचा माणूस, लग्नाला उभा राहिलेला, आणि मांजर शोधतोय. उस्तादांना हसू आवरेना. आरशात त्यांची नजर कल्ल्यांवर होती, त्यामुळे वरती स्वतःचा चेहरा हसतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. खांदे सैल होते, श्वास मोकळा होता. तोंडाचा एकच कोपरा वर गेला होता, पण डोळे दोन्ही हसत होते.

हसाकाकांनी गुपचूप दिवा लावला आणि फोटो काढला. ते "हसा" म्हणाले नाहीत.

फोटो दाखवला तेव्हा उस्तादांनी तो बराच वेळ पाहिला. साहेब त्यांच्याकडे बघायचं टाळत कंगव्यातले केस काढत बसली.

"डावा कल्ला अजून केसभर खाली आहे," उस्ताद अखेर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "लग्नाच्या फोटोत मी बसणार नाही. मला बसता येत नाही. मागे उभा राहीन."

लग्नाच्या दिवशी हसाकाका मलाही सोबत घेऊन गेले. नवरदेव माझ्यावर बसला, शेजारी साहेब आणि तिची आई, आणि मागे उस्ताद उभे. फोटो निघायच्या आधी त्यांनी उंची चुकली म्हणून मला अर्धा वळसा दिला. त्या फोटोत माझा एक पाय दिसतो. नीट पाहिलंत तर सापडेल.

त्यानंतर काही दिवसांनी उस्ताद एकटेच स्टुडिओत आले. आतल्या खोलीत जाऊन माझ्यावर बसले, नीट, पाठ टेकायला काही नसतानाही आरामात. आरशात बघून त्यांनी स्वतःचे केस विंचरले. मग हसाकाकांना म्हणाले, "माझा एकट्याचा काढ."

हसाकाकांनी कॅमेरा लावला. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"अरे, म्हण की," उस्ताद म्हणाले.

"हसा, उस्ताद," हसाकाका म्हणाले.

आणि उस्ताद हसले, जेवढं होतं तेवढं सगळं.

मित्रांनो, तुमच्या घरात लग्न असेल तेव्हा खूप फोटो निघतील. कुणीतरी कोपऱ्यात उभं राहून म्हणेल, "मला नको घेऊस." त्याला झाकू नका, वळवू नका. त्याच्या हाताला त्याचं एखादं काम द्या आणि शेजारी उभे राहा. आणि माझ्यासारखं एखादं जुनं स्टूल अडगळीत दिसलं, तर त्याच्यावरचे टॉवेल उचला, आट्यांना थेंबभर तेल घाला. परवा हसाकाका मलाही तेल घालत होते. उस्तादांनी त्यांचा हात धरला आणि ती एक जागा तेवढी कोरडी ठेवायला लावली.