निळी सेंटाची बाटली

कोपरखैरणे गावातलं जुनं घर पाडायला घेतलं, आणि राजाबाईंच्या खोलीतला बुजवलेला कोनाडा फुटून एक निळी बाटली बाहेर आली. तिच्यावरून दोघी म्हाताऱ्या जावांची जुंपली. धाकटी भागीरथी म्हणाली, माझ्या आईची. थोरल्या राजाबाई म्हणाल्या, माझी.

भागीरथीला ती हवीच होती. आईने लग्नात दिलेली सेंटाची बाटली पहिल्याच वर्षी तिच्या पेटीतून नाहीशी झाली होती. सासूनेच फेकली, असं तिने आयुष्यभर मनात धरलं होतं. खाडीकाठच्या माहेराच्या जागी आता टॉवर उभे होते; तिथली म्हणावी अशी दुसरी वस्तू तिच्यापाशी उरली नव्हती.

निवाड्याला बसली नात स्नेहल. नोकरी ऐरोलीच्या कंपनीत, जीव मात्र जुन्या बाटल्यांत. भंगारवाल्यांकडून वेचून आणायची.

"रिकाम्या कसल्या जमवतं गो?" राजाबाई नेहमी चिडवत. "तुजे आज्याला सांगितलं असतं तं भरलेल्या आनल्या असत्या!"

आज मात्र त्यांची नजर त्या निळ्या बाटलीवरून हलत नव्हती.

"मोठी आजी, तुझी कसली होती?"

"औषदाची. माजे पयले पोरीची."

ती पोर जगली नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

स्नेहलने बाटली उजेडात धरली. "साच्याची रेघ मानेपर्यंत येऊन थांबलीय. म्हणजे तोंड हाताने केलंय, चांगली जुनी आहे. आणि तोंड आतून खरखरीत. काचेचं बूच घासून बसवलेलं. औषधाला असलं बूच कोण देईल? ही सेंटाचीच. सॉरी, मोठी आजी."

"बगा वयनी! मी काय सांगत व्हती?" भागीरथी खुलली.

राजाबाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"फक्त हे कळत नाही," स्नेहल म्हणाली. "मागे कागदाची पट्टी चिकटलीय, कडेने कातरलेली. लेबल तर वाटत नाही."

भागीरथीने बाटली हातात घेऊन पट्टीवरून बोट फिरवलं. खाचा लागल्या, आणि बोट थबकलं. पूर्वी औषधाच्या बाटलीवर अशी पट्टी कंपाउंडर डकवायचा. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. औषध दवाखान्यात मिळे, पण बाटली आपली आपण घरून न्यायची. वयनींची पोर तापाने फणफणलेली, आणि घरात धड बाटली नाही. अशा वेळी आई कुणाच्याही पेटीत हात घालील.

आणि आपण इतकी वर्षं सासूच्या नावाने बोटं मोडली!

तिने बाटली राजाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"घ्या वयनी. तुमचीच हाय."

"पन स्नेहल तं म्हनते..."

"तिला काय कलते? पयली सेंटाची व्हती. मंग औषदाची झाली ना?"

राजाबाईंनी बाटली दोन्ही हातांत धरली.

"भागी, सेंट मी फेकला नाय गो. वाटीत काडून ठेवला व्हता, तुला परत द्याला. मी पोरीजवल बसली, आनि तो उडून गेला."

"उडायचाच तो," भागीरथी म्हणाली, आणि जावेला लागून बसली.