रिकाम्या टबातलं विष

कारखान्याच्या शेडमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळे आले होते ते पाय ठेवायलाच.

मधोमध प्लॅस्टिकचा पांढराशुभ्र टब होता. शेजारी उंच खुर्चीवर महाराज. त्यांच्या बाजूला निळ्या कापडाने झाकलेली एक पेटी, आणि पेटीतून निघून टबात उतरलेल्या दोन वायरी. एकेक कामगार पुढे यायचा, बूट काढायचा आणि नितळ पाण्यात पाय बुडवून बसायचा. महाराजांचा चेला तांब्यातून मंतरलेलं पाणी टबात ओतायचा. महाराज डोळे मिटून पेटीवर हात ठेवायचे. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टबातलं पाणी बदलायचं. आधी पिवळसर, मग तांबूस, मग गढूळ तपकिरी. वर फेस आणि तळाशी काळे कण.

"हे काय आहे?" महाराज विचारायचे.

"विष," सगळी शेड म्हणायची.

"कुठं होतं?"

"अंगात."

"आता कुठं आहे?"

"पाण्यात."

"बाळांनो, विषाचा स्वभावच वर चढायचा. डॉक्टर सुई टोचून त्याला डिवचतात, मग ते रागाने डोक्यात जातं. मी त्याला लाडीगोडीने खाली बोलावतो. पिवळं ते पित्तातलं, तांबूस ते रक्तातलं आणि काळं ते हाडातलं शिसं."

हाडातलं शिसं काळं असतं हे महाराजांना कोणी सांगितलं, ते हाडांनाच ठाऊक. पण माझ्या दादाची पाळी आली तेव्हा पाणी इतकं काळं झालं की मागचे लोक बाकांवर चढून बघायला लागले. दादाच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांनी समाधान पाहिलं.

"बघ," तो मला म्हणाला, "एवढं साचलं होतं. गेलं एकदाचं."

वहिनी शेजारीच उभी होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. ती महाराजांकडे बघत होती, मापात मारणाऱ्या भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशी.

मी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या वस्तीचं पोट ज्यावर चालतं तो हा कारखाना जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवतो. दादा भट्टीवर होता. गेल्या वर्षापासून त्याच्या पोटात मुरडा यायचा, भूक मेली होती, आणि शांत माणूस उगाचच चिडायला लागला होता. मग उजवं मनगट लोंबायला लागलं. हात पुढे केला की पंजा खाली पडायचा. शर्टाचं बटण वहिनी लावून द्यायची. आमच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त शहरात तपासायला पाठवलं, तर शिसं बेसुमार निघालं. "औषधाचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले, "आधी भट्टीपासून लांब व्हा." आणि त्यांनी कामगारांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाला कळवलं.

तिथून एक बाई आल्या. त्यांच्या पेटीत मुठीएवढे पंप होते. पंप कामगाराच्या कमरेला लावायचा, त्याची नळी कॉलरपर्यंत न्यायची, नळीच्या टोकाला गाळणी. माणूस दिवसभर ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा पंप ओढणार, आणि गाळणीवर किती शिसं साचलं ते प्रयोगशाळेत मोजलं जाणार. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं पंपवाली बाई.

मालक त्यांना कौतुकाने म्हणाले, "कशाला त्रास घेता? हवा मोजायचं आमचं स्वतःचं यंत्र आहे. रोज आकडा येतो, एकदम झकास."

यंत्र होतं खरं. ऑफिसच्या खिडकीबाहेर, बागेतल्या झाडाजवळ.

बाईंनी ते नीट पाहिलं. "यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण भट्टीवर काम झाड करत नाही. हवा मोजायची तर ज्या नाकाने ती ओढली जाते त्या नाकापाशी मोजायला हवी."

मालक हसले. बाईंनी सोमवारपासून लावायला म्हणून कामगारांना पंप वाटले. आणि पुढच्याच रविवारी महाराज अवतरले, मालकांच्या खर्चाने, कामगारांसाठी फुकट. विष उतरवून झाल्यावर ते जाता जाता म्हणाले, "अंगाला यंत्रंबिंत्रं लावू नका हं. उतरलेलं विष ती परत आत ओढतात." सोमवारी सगळे पंप बाईंच्या टेबलावर परत आले. दादाचाही. तो दवाखान्यात यायचा बंद झाला आणि भट्टीवरचं काम काही त्याने सोडलं नाही.

मी हट्ट सोडला नाही. "विष गेलंय ना? मग रक्त द्यायला काय हरकत आहे?" असं म्हणून त्याचं रक्त पुन्हा काढलं. टबात पाय बुडवण्याचे बरेच रविवार झाले होते. शिसं पहिल्यापेक्षा जास्त निघालं.

"प्रयोगशाळा चुकली असेल," दादा म्हणाला.

"आणि टब बरोबर?"

"पाणी काळं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

पाणी तर मीही पाहिलं होतं.

मग डॉक्टरांनी दादाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं रक्त तपासलं. अजून शाळेतही न जाणारी पोर. संध्याकाळी बाप दिसला की धावत जाऊन त्याच्या कामाच्या कपड्यांना बिलगायची. तिच्या रक्तातही शिसं निघालं. दादा ते ऐकून तसाच उठून महाराजांकडे गेला. महाराज म्हणाले, "बापाचं विष लेकरात उतरलंय. रविवारी सगळे जण आपापली पोरं घेऊन या."

"माझ्या पोरीचे पाय त्या टबात जाणार नाहीत," वहिनी म्हणाली.

"मग काय करू? तूच सांग," दादाचा आवाज चिरकला. "टब खोटा असेल तर मला भट्टी सोडावी लागेल. भट्टी सोडून खायचं काय?"

मी इतके दिवस त्याला भोळा समजत होते. तो भोळा नव्हता, घाबरलेला होता. आणि घाबरलेल्या माणसाला रविवारी पाय धुऊन सोमवारी कामावर जाता येईल असं सांगणारा भेटला, तर तो आणखी काय करणार?

मी पंपवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तांब्यातलं पाणी पाय घालण्याआधी ओततात की नंतर?"

"नेहमी नंतर."

"मग रविवारी मीही येते," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी शेडमध्ये पोरांची रांग होती. वहिनी भाचीला कडेवर घेऊन थेट पहिल्या नंबरला उभी राहिली. दादाला वाटलं, बायकोला अखेर पटलं.

"आण, बाळाला बसव," महाराज म्हणाले.

"आधी तुम्ही पाय घाला," वहिनी म्हणाली.

"आम्ही? आमच्या देहात विष नाही, माई."

"म्हणूनच. शुद्ध माणसाचं पाणी कसं नितळ राहतं ते पोरीला दाखवते. म्हणजे ती घाबरणार नाही."

मागे खसखस पिकली. महाराज गंभीर झाले. "गुरूचे पाय परीक्षेसाठी नसतात."

"मग कुणाचे असतात? लेकरांचे?"

कुजबुज वाढली. वारं फिरतंय हे मालकांना दिसलं. ते पुढे झाले, बूट काढले, पँट वर केली आणि म्हणाले, "मी घालतो. बघा सगळ्यांनी."

मालकांचे गोरेपान पाय पाण्यात गेले. चेल्याचा हात सवयीने तांब्याकडे गेला, महाराज नुसतं खाकरले, आणि तो हात तसाच मागे आला. महाराजांनी डोळे मिटले. पाणी नितळ राहिलं. तळाशी वायरींच्या टोकांचे स्क्रूसुद्धा दिसत होते.

"पाहिलंत?" महाराज म्हणाले. "विषाचा अंशही नाही."

"असेल कसा? भट्टीकडे फिरकतात कधी?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण टाळ्याही पडल्या. दादाने वहिनीचा दंड धरला. "चल आता. झाली ना शोभा?"

तेवढ्यात मागून पंपवाल्या बाईंचा शांत आवाज आला. "तांब्यातलं पाणी ओतायचं राहिलं."

चेल्याने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी छताकडे पाहिलं. वहिनीने दंड सोडवून घेतला, पोरीला माझ्याकडे दिलं आणि तांब्या उचलला. मालकांनी चटका बसल्यासारखे पाय बाहेर काढले. वहिनीने अख्खा तांब्या टबातल्या पाण्यात उपडा केला.

पाणी पिवळसर झालं. मग तांबूस. मग गढूळ तपकिरी, वर फेस. टबात कुणाचेही पाय नव्हते.

महाराज गडबडले, पण क्षणभरच. "आमचं सामर्थ्य बघा," ते म्हणाले. "पाय नसले तरी टबाने शेडच्या हवेतलं विष ओढून घेतलं."

"म्हणजे या हवेत विष आहे?" बाईंनी विचारलं.

"आहेच. ठासून भरलंय."

"मालक, ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र म्हणतं हवा झकास आहे. आता दोघांपैकी खोटं कोण, ते तुम्हीच ठरवा."

मालकांनी महाराजांकडे असं पाहिलं की आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी शेड हसत सुटली.

बाईंनी पेटीवरचं निळं कापड ओढलं. खाली बॅटरीचा चार्जर होता. आयुष्य बॅटऱ्यांत घालवलेली माणसं त्याच्याकडे बघतच राहिली.

बाईंनी टब धुऊन घेतला, नळाचं ताजं पाणी भरलं आणि चार्जर चालू केला. काही झालं नाही. मग कँटीनमधून साधं मीठ मागवून टाकलं. पाणी गढूळ झालं.

"वायरींच्या टोकांना लोखंडाच्या पट्ट्या आहेत," त्या म्हणाल्या. "साध्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, मीठ टाकलं की चांगली वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं, आणि पाण्यात उतरतो तो गंज. पिवळा, तांबूस, काळा, सगळा गंजच. तांब्यात मिठाचंच पाणी असायचं. मीठ जास्त घातलं की पाणी जास्त काळं."

माझ्या, म्हणजे नर्सच्या भावाचं पाणी सगळ्यांत काळं का झालं, ते मला तेव्हा कळलं. दवाखान्यावरून सगळ्यांचा विश्वास उडावा म्हणून त्याच्या टबात मीठ सढळ हाताने वाढलं होतं.

दादा पुढे आला. "मग माझं शिसं कुठं आहे?"

"तुमच्याच अंगात," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज मऊ केला, पण शब्द नाही. "ते पायांतून जात नाही. नाकातून येतं, न धुतलेल्या हातांवरून तोंडात जातं, कपड्यांवरून घरी जातं. येणं थांबलं तर शरीर ते हळूहळू बाहेर टाकेल. आधी येणं थांबायला हवं, आणि त्यासाठी ते किती आणि कुठून येतं ते मोजायला हवं."

"उद्या पहिला पंप मला लावा," दादा म्हणाला. "एक दिवस मोजण्यापुरता भट्टीवर जातो. नंतर नाही."

"जो पंप लावेल त्याने परवापासून येऊ नये," मालक म्हणाले.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "परवापासून भट्टी महाराजांना पेटवायला सांगा."

सोमवारी भट्टीवरच्या प्रत्येकाने पंप लावला. दादाच्या हाताने कॉलरला चिमटा लागेना, तो शेजारच्याने लावून दिला. गाळण्यांचा निकाल आला तेव्हा हवेतलं शिसं मर्यादेच्या कितीतरी पट होतं. कामगारांनी भट्टी थंड ठेवली. धूर उगमापाशीच ओढणारा पंखा, अंघोळीची सोय आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुणं, हे झाल्याशिवाय ती पेटणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मालक चिडले, धमक्या दिल्या, काही जणांना घरीही बसवलं. पण थंड भट्टीतून शिसं निघत नाही. शेवटी पंखा बसला, बाकीच्या सोयीही झाल्या, आणि घरी बसवलेले परत आले.

दादा आता गोदामात आहे. मनगट अर्धंमुर्धं वर आलंय. पूर्ण येईल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. भाचीच्या रक्तातलं शिसं मात्र उतरतंय, आणि ते आम्ही पाण्याच्या रंगावरून नाही, रक्त तपासून सांगतो.

महाराज दुसऱ्या गावी गेले म्हणे. तुमच्याकडे येतील तेव्हा टब नसेलही. मंतरलेली अंगठी असेल, अंगाला बांधायचा पट्टा असेल, किंवा झाडाजवळ बसवलेलं चकचकीत यंत्र असेल. कुणाशी वाद घालू नका. फक्त विचारा, याचं उत्तर कधी उलटंही येऊ शकतं का? ज्या तपासणीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं ती तपासणी नव्हे. आणि खरोखर मोजायला आलेल्या माणसाला कुणी दारातच अडवत असेल, तर त्याला आकड्याची एवढी भीती का वाटते, ते भर गर्दीत विचारा. उत्तर मिळेपर्यंत भट्टी पेटवू नका.