सेकंदाला पंचवीस

दिव्याने माउस सरकवून चार नंबरच्या कॅमेऱ्याचं सेटिंग उघडलं आणि चष्मा पुसला. पुसूनही आकडा बदलला नाही. फ्रेम रेट : एक.

"दादासाहेब, प्रेसवरचा कॅमेरा सेकंदाला एकच फोटो घेतोय. आणि चहाच्या टेबलावरचा पंचवीस."

"व्हय. मीच सांगितलंय तसं." पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या चाकणच्या त्या प्रेस शॉपचे मालक खुर्चीत मागे रेलले. "मशीन काय पळून जातंय? माणसं पळत्यात. तुला बोलावलं ते चहाचं टेबल आणखी साफ दिसावं म्हणून. कोण कितीदा कप भरतो, कळाय नको?"

तसं आताही चहा पिणाऱ्याच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. तिथून वीस पावलांवरची प्रेस मात्र राखाडी ठिपक्यांत उभी होती.

दादासाहेबांचा फोन वाजला. ते बोलत बाहेर गेले आणि रोहिदास चहाचा ट्रे घेऊन आत आला. डाव्या हाताच्या दोन बोटांना बँडेज. सहा वर्षं प्रेस चालवल्यावर गेल्या आठवड्यात त्याची नेमणूक चहावर झाली होती.

"म्याडम, तीन तारखेचं निघंल का? सकाळी पावणेअकराचं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्याच निष्काळजीपणानं बोटं गेली, असं रिपोर्टात लिवलंय. डाव्या बटणात लाकडाची खिट्टी ठोकलेली हाय, ती कुणी लिवली न्हाई."

प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे दोन्ही हात बाहेर. डावं बटण खिट्टीने कायमचं दाबून ठेवलं की डावा हात माल भरायला मोकळा. तासाला चाळीस नग जास्त.

दिव्याने तीन तारीख काढली. एका फोटोत रोहिदास उभा होता. पुढच्या फोटोत तो खाली बसलेला होता. मधल्या सेकंदाला साक्षीदार नव्हता, आणि बटण म्हणजे चार ठिपके.

"म्हंजे न्हाई."

"तीन तारखेचं नाही," म्हणत दिव्याने खुर्ची पुढे ओढली.

दादासाहेब परत येताच ती म्हणाली, "चार नंबर पंचवीसवर नेते. चित्रही मोठं करते."

"डिस्क भरंल. मला महिन्याचं रेकॉर्डिंग पाहिजे, आणि नवी डिस्क मिळणार न्हाई."

"नकोच. चहाचं कमी करते."

दादासाहेबांच्या चेहऱ्यावर कोणीतरी देव्हारा हलवायला निघाल्याचा भाव आला.

"एक माणूस चहाला किती वेळ लावतो?" दिव्याने विचारलं.

"धा मिनिटं! तीच तर बोंब हाय."

"सेकंदाला एक धरला तरी सहाशे फोटो झाले. एका चहाला. आणखी किती पाहिजेत?"

सहाशे हा आकडा दादासाहेबांना आवडलेला दिसला.

"पण प्रेसवर बघायचंय काय?"

"खिट्टी."

"कसली खिट्टी? माझ्या कंपनीत खिट्टी-बिट्टी काय न्हाई." त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. रोहिदास ट्रेकडे बघत होता. "कर की पंचवीस, मला काय भ्याव हाय? पण उद्यापास्नं. आज न्हाई. मी जेवून येतो."

दार बंद झालं. दिव्याने एकच्या जागी पंचवीस टाकले, चित्र मोठं केलं, चहाच्या पंचवीसच्या जागी एक टाकला आणि सेव्ह दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग प्रेस उजळली, इतकी लख्ख की डाव्या बटणातल्या खिट्टीवरचं तेल चकाकत होतं.

जेवणाच्या सुट्टीत शॉप रिकामं होतं. पडद्यावरच्या चौकटीत दादासाहेब आले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वर पाहायचं काही कारण नव्हतं. वाकून त्यांनी खिट्टी ओढली, ती निघेना. बाजूची हातोडी घेऊन दोन ठोके दिले, खिट्टी रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली.

रोहिदासच्या हातातला ट्रे तसाच राहिला होता.

"पेनड्राइव्ह आहे का तुमच्याकडे?"

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातच तो अडकवलेला होता.

"गाणी हायेत ह्यात. पुसाय लागतील का?"

"राहू द्या," दिव्या म्हणाली. "वीसच सेकंद आहेत. पाचशे फोटो."