बारशाआधी

इंदिराबाईंनी कुसुमलताच्या बोटांतला खडू हळूच काढून घेतला आणि तिला जागेवर बसायला सांगितलं. फळ्यावरचा भागाकार तसाच राहिला. दिवाळीपूर्वी चौथीच्या वर्गात सगळ्यांआधी हिचाच हात वर व्हायचा. आता ती चुकतसुद्धा नव्हती. नुसती उभी राहायची. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मास्तरांनी छडी मारून पाहिली. मार खाऊन झाल्यावरही तिने हात मागे घेतला नाही.

"बाई, ती आते खेयत बी नही," शेजारी बसणारी कमल म्हणाली. मधल्या सुट्टीतला खेळही कुसुमने सोडला होता.

शाळा सुटल्यावर बाई दोंडाईच्याच्या बाजारपेठेत कुसुमच्या वडिलांच्या दुकानात गेल्या.

"ताप नाही, खोकला नाही. आळस भरलाय अंगात," चंपालाल शेठजी म्हणाले. "यंदा नापास झाली तर घरीच बसवणार. पोरीच्या जातीला किती शिकायचंय?"

दुकानामागेच घर होतं. कुसुमची आई, पानबाई, पापड लाटत होत्या. कुसुम अंगणातल्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"दिवाळीत घरी काही झालं का?" बाईंनी विचारलं.

लाटणं थांबलं. "मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला." पानबाईंनी आवाज खाली आणला. "हिच्यासमोर आम्ही विषयच काढला नाही. लेकरांना काय कळतं त्यातलं?"

बाई अंगणात आल्या, कुसुमच्या शेजारी पायरीवर बसल्या. अभ्यासाचं त्यांनी काही काढलं नाही.

"तुझा भाऊ कसा होता गं?"

कुसुमने गुडघ्यांभोवतीचे हात सोडले.

"त्याच्या कानांवर केस होते. मऊ."

"नाव काय त्याचं?"

"त्याला नाव नव्हतं, बाई," आतून पानबाई म्हणाल्या.

"होतं," कुसुम म्हणाली. "मी ठेवलं होतं."

पानबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि लेकीच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"काय ठेवलं होतंस?"

बाई उठल्या, चपला घातल्या आणि उत्तर ऐकायला न थांबता दुकानात आल्या.

"शेठजी, कुसुम यंदा नापास होईल. मीच करीन, तिला सावरायला वेळ हवा. पण तिला घरी बसवू नका. पुढच्या वर्षीही माझ्याच वर्गात राहू द्या."

चंपालाल काही बोलणार, तोच आतून रडणं ऐकू आलं. एक आवाज पानबाईंचा होता. दुसरा बारीक होता, आणि थांबत नव्हता.

गिऱ्हाईक समोर उभं असताना ते गादीवरून उठले आणि आत गेले.