मत गावाकडं, घर सुरतेत

बस योगराज, चहा घे, तुला आमच्या वस्तीची गोष्ट सांगतो.

इथं सुरतेत बमरोलीतली आमची वस्ती महापालिकावाले पाडायला निघाले होते. आम्ही लूमवाले, मागावर कापड विणणारे, कोर्टात गेलो. जजसाहेबांनी सांगितलं, नोटीस दिल्याबिगर कुणाचं घर पाडायचं नाही. तशी आमच्या वस्तीतली शोभाबाई हात जोडून उठली. "साहेब, आता वस्ती कायमची करायचा कायदाबी तुम्हीच करून टाका."

"बाई, बस की खाली!" आमचा वकील खेकसला.

साहेब शांतपणे बोलले, "कायदा विधानसभेनं करायचा, बाई. मी केला आन् वाईट निघाला, तर मला मतानं खाली उतरवाल का? त्यांना उतरवता येतं. तुमचा आमदार काय म्हणतो?"

"तो आमच्या गल्लीत फिरकतबी नाही."

"मत कुणाला दिलं होतं?"

"गावाकडच्या माणसाला, साहेब," शोभाबाई म्हणाली. मतदान आलं की आम्ही सगळे गाडी भरून महाराष्ट्रात, आपल्या गावाकडं पारोळ्याला जायचो. सुरतेच्या यादीत आमच्यातल्या एकाचंबी नाव नव्हतं.

पुढं रीतसर नोटीस आली आन् वस्ती पडली. पहिलं घर शोभाबाईचं गेलं.

तुझं नाव अजून गावाकडंच आहे ना? यंदा इथल्या यादीत लाव, भाऊ.