मी, चिमणी एक-दोन-तीन

मी एक जुना पासवर्ड आहे, मित्रांनो, आणि माझं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडी गेलं. पासवर्डाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म डोळ्यांच्या एका दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीमागे झाला. तिथे बसणाऱ्या ताईंना नव्या कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला. त्यांची लेक तेव्हा पाच वर्षांची होती. ताईंनी तिचं लाडाचं नाव टाइप केलं, चिमणी. कॉम्प्युटरला आकडेही हवे होते, म्हणून पुढे एक-दोन-तीन जोडलं. जन्म, नाव आणि नोकरी, सगळं मिळून नऊ सेकंदांत उरकलं.

अकरा वर्षं मी इमानाने राबलो. ताई डबा खायला गेल्या की औषधांच्या खिडकीवरचे भाऊ ओरडत, "ताई, पासवर्ड काय?"

आतून उत्तर येई, "अहो, चिमणी एक-दोन-तीन! रोज काय विचारता?"

बाकावर डोळ्यांत थेंब घालून बसलेले पेशंटही मला ओळखत. एका आजोबांना स्वतःचा फोन नंबर आठवेना, पण मी तोंडपाठ होतो. मला वाटे, केवढी ही लोकप्रियता!

मग एका मंगळवारी घोटाळा झाला. ऑपरेशनच्या यादीत पहिलं नाव एका आजींचं होतं. त्यांच्या मुलाने साहेबांच्या हातापाया पडून एक दिवसाची रजा काढली होती. प्रत्यक्षात पहिल्या नंबरला भलतेच गृहस्थ आत गेले, आजी यादीच्या तळाला पोचल्या आणि त्या दिवशी त्यांचा नंबर लागलाच नाही. कॉम्प्युटरवर नोंद होती: बदल ताईंच्या नावाने, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी.

"ताई, हे काय?" मोठ्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाई, शपथेवर सांगते, मी नाही केलं."

"मग तुमच्या पासवर्डाने काय स्वतःच केलं?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाची बोटं होती ते मला ठाऊक होतं, पण पासवर्डाला साक्ष देता येत नाही.

साक्ष आजींनीच दिली. "अहो, दहाला ही माझ्यापाशी होती! माझे कानातले निघेनात, ते साबण लावून काढत होती. अर्धा तास! दोघींचा जीव मेटाकुटीला आला."

तेव्हा औषधवाले भाऊ पुढे आले. मान खाली. "मी केलं. सासऱ्यांना पुढे घेतलं. फार दबाव होता हो."

"कुणाचा?"

"सासऱ्यांच्या मुलीचा."

"तुमच्याकडे नंतर बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि ताई, कुलूप लावून किल्ली दारावरच टांगायची, याला काय म्हणू? सोमवारपासून नवे नियम. पासवर्ड बारा अक्षरांहून मोठा, प्रत्येकाचा वेगळा, घरच्यांची नावं नकोत, आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. जमणार नसेल तर खिडकी दुसऱ्या कुणाला देते."

शनिवारी संध्याकाळी ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या. माझ्यापुढे चारचा आकडा जोडून पाहिला. लाल अक्षरं उमटली: कमजोर. पाच-सहाही जोडले. तरी कमजोर. अकरा वर्षांच्या सेवेनंतर हा शेरा! वाईट वाटलं, पण वाद घालायला जागा नव्हती.

आईला घरी न्यायला लेक आली होती. आता ती सोळा वर्षांची आहे. म्हणाली, "आई, एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घे, आणि त्यांची एक खुळी गोष्ट मनात जुळव. विसरणारच नाहीस."

ताई छताकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच खुदकन हसल्या आणि टाइप करू लागल्या. हिरवी अक्षरं आली: भक्कम. त्याच क्षणी माझी नोकरी संपली.

"काय ठेवलास गं?"

"नाही सांगणार."

"मलासुद्धा? शब्दांची युक्ती माझी होती!"

"युक्तीबद्दल आभार. चल, बस चुकेल."

पुढच्या मंगळवारी आजींचं नाव पुन्हा पहिलं होतं. सकाळी अकरापर्यंत ते पहिलंच राहिलं, आणि आजी आत गेल्या. बाहेर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा मिळालेली रजा घेऊन बसला होता.

मित्रांनो, माझ्या जागी कोण आलं हे मलाही माहीत नाही, आणि तोच त्याचा मोठेपणा. तुमचाही पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि मनातच ठेवा. घरातल्या लाडक्या माणसांची नावं मात्र कुलपाला लावू नका. ती मोठ्याने हाक मारण्यासाठी असतात.