बियाफ्राच्या नोटांचं देज

नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं सैन्य मागं हटत होतं, त्याच दिवसांत, नाताळाच्या तोंडावर इकेम्बानं उरेन्माच्या वडिलांपुढं देज, म्हणजे मुलीच्या माहेरी द्यायचा पैसा, ठेवलं. सगळ्या बियाफ्राच्या नोटा. रीतीप्रमाणं कोलाचं बी फोडून वाटलं, ताडी फिरली आणि उरेन्मा सासरी गेली. महिनाही सरला नाही तोच लढाई संपली. देश गेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या नोटाही. बाजारातल्या बायका त्या हातातही धरीनात.

एके सकाळी उरेन्माचे थोरले काका म्बानेफो तिच्या दारात आले.

"चल पोरी, गाठोडं बांध. तुझं देज पोचलेलंच नाही."

"काका, तुम्हीच तर नोटा मोजून घेतल्यात!"

"कागद मोजले मी. नवऱ्याला म्हणावं, नायजेरियाचे पौंड आण, मग बायको ने."

इकेम्बा उंबऱ्यात उभा होता. त्यानं मान खाली घातली. तेच तिला जास्त लागलं. ती तडक माहेरी निघाली आणि काका तिच्या मागोमाग.

वडील अंगणात चटईवर बसले होते. शेजारी धाकटा ओबिओरा भाजलेला सुरण खात होता.

"बाबा, मी त्याची बायको आहे की नाही, एवढंच सांगा."

"नोटा आण बाहेर," काका गरजले. "बघू दे तिला तिचं देज!"

"नोटा नाहीत, दादा. लगेच मीठ आणलं त्यांचं, थोडे सुके मासे आणले. उपासमारीनं या पोराचे पाय सुजले होते." वडिलांनी लेकीकडं पाहिलं. "माझ्या हातात होत्या तेव्हा त्या नोटाच होत्या. देज पोचलं."

"आणि देजातला माझा वाटा? मी जपून ठेवला, म्हणून मी मूर्ख?" काकांचा आवाज चिरकला. ते थुंकले आणि निघून गेले.

उरेन्मा धावतच सासरी आली. सासू चुलीपुढं बसून होती. "थांबला नाही गं तो. ओनिचा शहराकडं ट्रक चालला होता, चढला. देज घेऊनच येईन म्हणाला."

तिकडं जाणाऱ्या प्रत्येकाजवळ उरेन्मानं निरोप धाडला. एकही पोचला नाही. इकेम्बा परतला तो सात-आठ महिन्यांनी, नव्या सुरणाच्या सणाला, तापानं फणफणलेला, फडक्यात नायजेरियाचे थोडे शिलिंग बांधून.

"देज पोचलं, असं बाबांनी तेव्हाच म्हटलं होतं रे," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला. दुसऱ्या दिवशी, ती नको नको म्हणत असताना, तो ते शिलिंग म्बानेफोकाकांकडं, त्यांच्या वाट्याचे म्हणून, घेऊन गेला.

काकांनी ते घेतले. त्याला बसही म्हटलं नाही.

उरेन्मा पुढं माहेरच्या प्रत्येक कार्याला गेली. काकांच्या घरचं पाणी मात्र तिनं कधी घेतलं नाही.